आशेची बांधणी : रक्ताच्या कर्करोगात रुग्णाचा रुग्णाला आधार

‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द आपल्याकडच्या अनेक घरांत पहिल्यांदा पोचला तो सिनेमातून. १९७८ सालच्या ‘अँखियों के झरोखों से’मधल्या तरुण नायिकेला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. त्या काळातले उपचार पाहता ते चित्र फारसं खोटंही नव्हतं. पुढे उपचार बदलले, मनातलं चित्र मात्र तिथंच राहिलं. आजही घरातल्या तिशीतल्या मुलाचा रिपोर्ट आला की मोठी माणसं आजाराचं पूर्ण नाव विचारत नाहीत, ‘किती दिवस?’ एवढंच विचारतात. अशा घराला धीर द्यायचा तर तो कशाच्या जोरावर द्यायचा, हा या विवेचनाचा विषय आहे. आशा टिकते ती कशावर, आणि तिच्यात त्याच आजारातून गेलेल्या दुसऱ्या माणसाचा वाटा नेमका कोणता, हे तपासून पाहायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. दीर्घ आजारात आशा ही मनःस्थिती कमी आणि बांधणी जास्त असते, आणि त्या बांधणीचा एक भाग असा आहे की तो डॉक्टर किंवा नातेवाईक कितीही चांगले असले तरी त्यांच्याकडून पुरा होत नाही.

रक्ताचा कर्करोग हा एक आजार नाही. तीव्र ल्युकेमियात सुरुवातीचे काही आठवडेच निर्णायक असतात. केमो, उतरलेले काउंट, संसर्गाची भीती, प्लेटलेटसाठी रक्तदाते शोधण्याची धावपळ यांत रुग्णाला मनाकडे पाहायला फुरसत नसते. लिम्फोमाचे काही प्रकार पूर्ण बरे होतात. मायलोमा आटोक्यात येतो आणि बहुधा पुन्हा डोकं वर काढतो. या प्रत्येकात आशेचं स्वरूप वेगळं असतं आणि सगळ्यांना एकच वाक्य लावणं अन्यायाचं आहे. म्हणून मी इथे एकच आजार घेतो : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ‘सीएमएल’. वर्षानुवर्षं कर्करोगासह जगणं म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ अभ्यास फार थोड्या आजारांत झाला आहे.

आजार आणि औषध

१९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला : ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले असतात. या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ नावाचं जोडजनुक तयार होतं आणि त्यापासून बनणारं प्रथिन पांढऱ्या पेशींना वाढीचा हुकूम सतत देत राहतं. ते प्रथिन अडवणारं इमॅटिनिब हे औषध रुग्णांना पहिल्यांदा देण्यात आलं ते १९९८ साली, ब्रायन ड्रकर यांच्या देखरेखीखाली. इंटरफेरॉन या आधीच्या औषधाने ज्यांचा आजार आटोक्यात येत नव्हता किंवा ज्यांना ते सोसत नव्हतं, असे हे रुग्ण. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे काउंट पूर्ण पूर्वपदावर आले. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी या आजारातला सौम्य टप्पा साधारण तीन ते पाच वर्षं चालायचा आणि मग तो तीव्र रूप घ्यायचा. इमॅटिनिबपासून उपचार सुरू केलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतर ८३ टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात होते.

इतकी माहिती प्रत्येक लेखात असते. या इतिहासातले रुग्ण मात्र त्यात क्वचितच दिसतात, आणि आपल्या विषयाला तेच महत्त्वाचे आहेत. १९९९ साली हे औषध अगदी मोजक्या प्रमाणात तयार होत होतं आणि चाचणीत जागा मिळत नव्हती. तेव्हा मॉन्ट्रियलच्या एका रुग्ण महिलेने औषध कंपनीच्या प्रमुखांच्या नावे अर्ज तयार केला. त्यावर तीन हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि कंपनीने उत्पादन वाढवलं. आपल्याकडे अडचण पुरवठ्याची नव्हती, किमतीची होती. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास जाई, तर भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. २००३ साली मूळ कंपनीला भारतात विक्रीचे एकाधिकार मिळाले तेव्हा हे स्वस्त औषध धोक्यात आलं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा पेटंटचा अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. कज्जे-खटल्यांची ही हकिगत आशेच्या विवेचनात कशाला, असं कुणाला वाटेल. पण साताऱ्याच्या किंवा यवतमाळच्या रुग्णाची पुढच्या महिन्याची गोळी ज्या कागदावर अवलंबून होती, तो कागद त्याच्या आशेचा भाग होता. आशेतून खर्च वगळणारी चर्चा मला अपुरी वाटते.

‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्याबद्दल

रुग्णाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला हाच. भेटायला आलेला प्रत्येक जण फळांच्या पिशवीबरोबर तो ठेवून जातो. त्यामागची माया खरी असते, म्हणूनच त्याची तपासणी नीट करायला हवी.

मन प्रसन्न ठेवल्याने कर्करोगी जास्त जगतो का? १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासातून उत्तर ‘हो’ असं आलं होतं. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या रुग्ण स्त्रिया आधारगटात नियमित जात होत्या, त्या इतरांपेक्षा साधारण दुप्पट काळ जगल्या. जगभर या निष्कर्षाचा गाजावाजा झाला. पण २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. २००७ साली जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची पाहणी मांडली, तिच्यातही मनाची अवस्था आणि आयुर्मान यांचा संबंध आढळला नाही. हे रक्ताचे कर्करोग नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही म्हणता येईल की नुसत्या प्रसन्नतेने गाठ विरघळते किंवा काउंट उतरतो असं मानायला आधार नाही.

मला ही बातमी वाईट वाटत नाही. उलट रुग्णाच्या डोक्यावरचं मोठं ओझं तिने उतरवलं. मन खंबीर असेल तरच बरं होता येतं, असं एकदा मान्य केलं की ज्याचा आजार उलटला त्याचं मनच कच्चं होतं असा अर्थ निघतो. आजाराच्या जोडीला दोषही त्याच्याच पदरी पडतो. रात्री दोन वाजता उशीत तोंड खुपसून रडणारा माणूस आपला उपचार बिघडवत नाही, हे त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. कॅनडातल्या त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मथळ्यांत आली नाही. गटात जाणाऱ्या स्त्रियांचं मन हलकं झालं आणि वेदनेचा त्रास कमी जाणवला, आणि ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांना फायदा जास्त झाला. आयुष्य लांबलं नाही तरी त्या आयुष्यातले दिवस सुसह्य झाले. हे यश मला पुरेसं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेची जी मांडणी केली ती इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते आशेला दोन अंगं असतात. मुक्कामाकडे जाणाऱ्या वाटा दिसणं हे एक, आणि त्या वाटेने आपण चालू शकतो ही खात्री हे दुसरं. आजार बरा होईल की नाही हे दोन्हींत कुठेच नाही. म्हणून आशा मोठी असूनही खोटी नसणं शक्य आहे.

गोळीचा हिशेब

सीएमएलमध्ये ही वाट आश्चर्य वाटावं इतकी ठळक आखलेली आहे. रक्तातल्या बीसीआर-एबीएलचं प्रमाण पीसीआर तपासणीने मोजतात. तीन महिन्यांनी ते १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा त्याखाली आणि वर्षभराने ०.१ टक्का किंवा त्याखाली आलं तर उपचार योग्य मार्गावर आहे असं धरतात. रुग्ण एकमेकांना भेटले की ‘बीसीआर किती आलं?’ हाच पहिला प्रश्न असतो. रिपोर्टची वाट पाहण्याचे ते आठवडे फार कठीण जातात. तब्येत ठणठणीत असते, घरचे निर्धास्त असतात, आणि रुग्ण एकटाच दशांश चिन्हाच्या पुढच्या शून्यांचा विचार करत असतो.

मात्र या आखलेल्या वाटेवर रोज चालावं लागतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. अनेक वर्षं इमॅटिनिब घेत असलेल्या आणि आजार चांगला आटोक्यात असलेल्या ८७ रुग्णांना त्यांनी गोळ्यांच्या खास बाटल्या दिल्या. झाकण कधी उघडलं याची नोंद आतली चिप ठेवत होती. तीन महिन्यांची नोंद पाहिली तर चौघांतला एक जण ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेत होता. म्हणजे महिन्यातून सुमारे तीन गोळ्या चुकत होत्या, फार नव्हे. पण परिणाम पाहा : ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्याखाली येण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के होती, आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या त्यांच्यापैकी एकाचंही प्रमाण त्या पातळीला उतरलं नाही.

जीवघेण्या आजाराची गोळी माणूस चुकवतो तरी का? विसरणं हे एक कारण आहेच. पण बरेचदा माणूस ती जाणूनबुजून चुकवतो. गोळी जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्यासोबत घ्यायची असते, त्यामुळे उपासाच्या दिवशी तिची पंचाईत होते. मळमळते म्हणून लग्नाच्या दिवशी नको. प्रवासात नको. डोळ्यांभोवती सूज येते, त्वचा फिकट पडते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. तरुण मुलगी आजार सासरी लपवून ठेवते, तेव्हा डबा कुठे ठेवायचा इथपासून प्रश्न असतो. एकदा चुकवली आणि काही झालं नाही, की दुसऱ्यांदा चुकवणं सोपं जातं.

असा प्रसंग समोर आणण्यासाठी एक फोन कल्पून पाहू. बार्शीकडची नवी रुग्ण आणि दहा वर्षं याच गोळीवर असलेली एक ताई.

“ताई, रात्री पायात गोळे येतात हो. झोपच लागत नाही.”

“पोटरीत ना? मलाही यायचे, पहिल्या वर्षी तर फारच. डॉक्टरांना सांगितलंस?”

“ते म्हणाले रिपोर्ट चांगला आहे. मग पुढे काय सांगणार?”

“हेच सांगायचं. आणि गोळी चालू आहे ना?”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, “दोन दिवस नाही घेतली.”

“बरं केलंस सांगितलंस. उद्या सकाळी पहिल्यांदा ओपीडीत फोन लाव, दोन दिवस चुकली आणि गोळे येतात, दोन्ही सांग. भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नकोस. फोन झाला की मला कळव.”

या छोट्या संवादात फार काही घडतं. ‘दोन दिवस नाही घेतली’ हे वाक्य डॉक्टरांसमोर येत नाही, कारण तिथं ओरडा बसण्याची भीती असते. आईसमोर येत नाही, कारण ती रडेल. ते येतं त्याच पोटऱ्यांच्या गोळ्यांतून गेलेल्या बाईसमोर. तिने उपदेश केला नाही आणि उपचारही सांगितला नाही. तिने दडलेली गोष्ट जिथं जायला हवी तिथं पोचवण्याची सोय केली. रुग्णाने रुग्णाला दिलेल्या आधाराचा औषधाशी थेट संबंध कुठे जुळतो, असं कुणी विचारलं तर मी याच जागेकडे बोट दाखवीन. मनःस्थितीने पेशी मरत नाहीत, गोळीने मरतात, आणि रोजची गोळी पोटात जाण्यासाठी असं कुणीतरी लागतं.

दुसरा रुग्ण काय देऊ शकतो

सगळ्यात आधी तो पुरावा देतो. दहा वर्षांनंतरही ८३ टक्के, हा आकडा डॉक्टर सांगतात तेव्हा कानावर पडतो. समोरचा माणूस ‘मला २००४ साली झाला’ असं म्हणून चहाचा कप पुढे करतो, तेव्हा तो पटतो. स्नायडर यांच्या मांडणीतलं दुसरं अंग, म्हणजे चालू शकण्याची खात्री, अशीच येते.

मग व्यवहाराचं ज्ञान. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, बरोबरच्या माणसालाही मोठी सवलत मिळते, आणि त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, कागद कोणते लागतात, परळला उपचारासाठी आलं तर नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाची चौकशी कशी करायची, हे सगळं जुन्या रुग्णाला तोंडपाठ असतं. रुग्णाच्या वाटा बंद होतात त्या अनेकदा औषध नसल्याने नव्हे, सहीशिक्का राहून गेल्याने.

सीएमएलच्या बाबतीत भारतात हे काम संघटितपणे झालं आहे. अर्जेंटिनाचा मॅक्स रिव्हारोला हा मुलगा या आजाराने गेला, त्याच्या स्मरणार्थ १९९७ साली मॅक्स फाउंडेशन सुरू झालं. मूळ कंपनीच्या मोफत औषध योजनेचं काम या संस्थेने जगभर सांभाळलं. तिच्याभोवती भारतात ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट उभा राहिला. शहराशहरांत त्यांच्या बैठका होतात आणि त्या चालवणारे बरेच जण स्वतः गोळीवर असतात.

मदत करणाऱ्याला स्वतःला यातून काही मिळतं का? फ्रँक रिस्मन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९६५ सालीच लिहून ठेवलं आहे की आधारगटांत मदत करणाऱ्याचा फायदा बरेचदा मदत घेणाऱ्यापेक्षाही जास्त असतो. ‘मी आजारी’ या एकाच ओळखीत अडकलेल्या माणसाला पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडता येतं. दुसऱ्याला ‘गोळी चुकवू नकोस’ म्हणणाऱ्याला स्वतःची चुकवणं अवघड होतं, हेही आहे.

मर्यादा

या आधाराच्या मर्यादांबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधार देणाऱ्या रुग्णाने ‘तू बरा होशील’ असं वचन देऊ नये. ‘मी असा जगलो’ एवढंच सांगण्याचा त्याला अधिकार आहे. औषधाची मात्रा, बदल, बंद करणं यांत पडू नये. आकड्यांची तुलना करू नये, कारण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळतातच असं नाही आणि शरीरंही एकसारखी नसतात. काही जणांच्या पेशींत ‘टी३१५आय’सारखा बदल होतो आणि इमॅटिनिब निष्प्रभ ठरतं. त्यांना पोनॅटिनिब, ॲसिमिनिब यांसारखी औषधं किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण हे मार्ग असतात, पण ते खर्चिक आणि खडतर आहेत. अशा माणसाला गटात ‘नियमित घेतली असती तर’ हे वाक्य ऐकावं लागलं, तर गटाने त्याचं नुकसान केलं असं मी म्हणेन. त्याने गोळी नियमितच घेतलेली असू शकते.

दुसरी मर्यादा मरणाची. गटातला कुणी जातो, तेव्हा त्याचं नाव पुढच्या बैठकीत घ्यायचं की नाही? मला वाटतं, घ्यायलाच हवं. नाव टाळलं की उरलेल्या प्रत्येकाला कळतं, आपलंही असंच टाळलं जाईल. तीव्र ल्युकेमिया आणि मायलोमाच्या गटांना हा प्रश्न वारंवार भेडसावतो. तिथं आशा कधी प्रत्यारोपणासाठी भावाच्या ऊती जुळण्याएवढी असते, कधी मुलीची दहावी होईपर्यंतची, आणि शेवटी वेदना न होता घरी राहता येण्याची. यातली कुठलीही आशा दुसरीपेक्षा कमी दर्जाची नाही, आणि उपशामक उपचार मागणं म्हणजे हार पत्करणं नाही.

तिसरी, मदत करणाऱ्याच्या थकव्याची. रात्री-बेरात्री फोन घेणारा माणूस स्वतः रुग्ण आहे, हे सगळे विसरतात, कधी तो स्वतःही. त्याला फोन बंद ठेवण्याची मुभा आणि मन मोकळं करायला एखादा समुपदेशक हवा.

आता सीएमएलमध्ये नवी परिस्थिती आली आहे. फ्रान्समधल्या अभ्यासात, किमान दोन वर्षं आजाराचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांची गोळी थांबवली, तेव्हा वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नव्हता. ज्यांच्यात परतला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्यात तो पहिल्या सहा महिन्यांत दिसला, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. हा प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखाली, वारंवार पीसीआर करूनच व्हायला हवा. पण त्याची बातमी गटांत अर्धवट पोचते आणि कुणी परस्पर गोळी सोडतो. इतकी वर्षं ‘घे’ म्हणणाऱ्या जुन्या रुग्णाला आता ‘विचारल्याशिवाय थांबवू नकोस’ हे समजावून सांगायचं आहे, आणि थांबवण्याची इच्छा चुकीची नाही हेही.

रक्तविकारांच्या ओपीडींनी रुग्णांच्या या परस्पर आधारासाठी थोडी व्यवस्था करावी. निदानाच्या दिवशीच रुग्णाची संमती घेऊन त्याच्याच भाषेतल्या, शक्यतो त्याच्याच जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षित जुन्या रुग्णाचा नंबर द्यावा. भारतात सीएमएल तुलनेने तरुण वयात, तिशी-चाळिशीत आढळतो आणि गरोदरपणात इमॅटिनिब टाळावं लागतं, म्हणून तरुण स्त्रीला स्त्रीचाच नंबर मिळावा. मूल हवं असेल तर ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं, हे तिला लग्नाच्या बोलणीआधी माहीत असायला हवं. जुन्या रुग्णाला वर्षातून एकदा प्रशिक्षण द्यावं, फोनचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा. आणि डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत ‘गोळी घेता ना?’ असं न विचारता ‘या महिन्यात किती चुकल्या?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात.